नगेटसाठी कॉइल निवडताना आधी जमीन बघा, मग इंच

तुमचा प्रश्न असा आहे: मिनलॅब कंपनीचा सोनं शोधायचा जुना मेटल डिटेक्टर, जीपीएक्स 6000, घेतला, त्याबरोबर 11 इंची मोनो आणि 14 इंची डीडी अशा दोन कॉइल (दांड्याच्या टोकाला बसणाऱ्या, जमिनीवरून फिरवायच्या चकत्या; मोनो आणि डीडीतला फरक पुढे सांगतो) आल्या. मेलबर्नहून शनिवार-रविवारी नगेट, म्हणजे सोन्याचे नैसर्गिक गोळे, शोधायला व्हिक्टोरियातल्याच डनॉली आणि टार्नागुलाच्या रानात जाता. चार महिन्यांत ढीगभर छर्रे, खिळे आणि एकाच उतारावर सोन्याचे दोन बारीक कण मिळाले. आता 17 बाय 13 इंचांची मोठी मोनो घ्यावी, की 10 बाय 5 ची लहान? आणि शेवटी विचारलंत, की सुट्टीत रत्नागिरीला जाताना डिटेक्टर न्यावा का?

मोठी कॉइल आत्ता घेऊ नका. पैसे खर्च करायचेच असतील तर लहान घ्या. पण त्याआधी हातातली 11 इंची नीट वापरली जाते आहे का, ते तपासा. मी बेंडिगोच्या आसपास चौदा वर्षं फिरतो आहे आणि तुम्ही आज ज्या वळणावर आहात तिथे मी उलटी वाट धरली होती. तेव्हा माझ्याकडे जीपीएक्स 4500 होता. सोनं मिळत नाही म्हणजे ते खोल असणार, असा माझा समज होता. म्हणून 18 इंची मोनो घेतली आणि आख्खा हिवाळा ती ओढली. खांदा दुखायला लागला, गुडघाभर खड्डे खणले, निघालं काय तर जुन्या डब्यांचे पत्रे आणि घोड्याच्या नालेचे तुकडे. पुढच्या वर्षी त्याच ओहोळात लहान लंबगोल कॉइल घेऊन गेलो. दोन दिवसांत सात कण निघाले, सगळे बोटभर खोलीच्या आत. मी त्यांच्यावरूनच हिवाळाभर मोठी कॉइल फिरवली होती.

असं का होतं, हे समजून घेतलं की निवड सोपी होते. आपली यंत्रं पल्स इंडक्शनची. कॉइलमध्ये विजेचा ठोका जातो आणि एकदम तोडला जातो. त्या तुटण्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, क्षणात विरतात, आणि ते विरताना यंत्र ऐकतं. भरीव, मोठ्या नगेटमधला प्रवाह रेंगाळतो. गुंजेएवढ्या कणातला प्रवाह काही मायक्रोसेकंदांत संपतो. म्हणजे बारीक सोनं ऐकायचं तर कॉइल जवळ हवी आणि तिचं स्वतःचं स्पंदन लवकर शांत व्हायला हवं. म्हणूनच हल्ली चांगल्या कॉइलमध्ये तार जुडगा करून न गुंडाळता चपटी, पसरून गुंडाळतात, आणि एकसंध तारेऐवजी बारीक तारांचा पीळ वापरतात.

आता आकाराचं गणित. ठोक्याचा प्रवाह सारखा धरला आणि कॉइलचं इंडक्टन्सही, म्हणजे प्रवाह बदलायला तिचा होणारा विरोध, सारखं धरलं (यंत्राला ते साधारण सारखंच लागतं, त्यामुळे मोठ्या कॉइलला वेढे कमी पडतात), तर मध्यरेषेवरच्या बारीक लक्ष्याचा आवाज त्रिज्या भागिले त्रिज्येचा वर्ग अधिक खोलीचा वर्ग, याच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. त्यातून एक सुरेख गोष्ट निघते: ज्या खोलीवर तुमचं सोनं आहे, जवळजवळ तेवढीच त्रिज्या असलेली कॉइल तिथे सर्वांत जोरात बोलते. लंबगोल कॉइल सारख्या क्षेत्रफळाच्या वर्तुळासारखी धरली तर 10 बाय 5 ची त्रिज्या येते सुमारे 9 सेंटिमीटर, 11 इंचीची 14 आणि 17 बाय 13 ची 19. पाच सेंटिमीटर खोलीवर 10 बाय 5 ही 11 इंचीच्या जवळपास अडीचपट आवाज देते आणि 17 बाय 13 ही 11 इंचीच्या निम्म्यापेक्षा कमी. वीस सेंटिमीटरवर चित्र उलटतं: लहान कॉइल 11 इंचीच्या निम्म्यावर येते, मोठी वीस टक्क्यांनी पुढे जाते. चाळीस सेंटिमीटरवर मोठी जवळजवळ दुप्पट. लहान आणि 11 इंची यांची बरोबरी होते साधारण 11 सेंटिमीटरवर, 11 इंची आणि मोठीची 16 वर.

हे कागदावरचं गणित आहे. रानात मोठी कॉइल सोन्याबरोबर जमिनीचा गोंगाटही जास्त उचलते, विजेच्या तारांचा आणि दूरच्या वादळाचाही. त्यामुळे वीस सेंटिमीटरवरचा तो वीस टक्क्यांचा फायदा तुमच्या कानापर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही. आणि खरी मेख पुढे आहे. गुंजभर, म्हणजे साधारण 0.12 ग्रॅमचा कण वीस सेंटिमीटरवर कुठल्याच कॉइलला ऐकू येत नाही. मोठ्या कॉइलची खोली कामाला येते ती फक्त मोठ्या सोन्यासाठी, काही ग्रॅमपासून पुढच्या. तेव्हा विचारायचा प्रश्न असा, की तुमच्या जागेत अजून न निघालेलं मोठं सोनं खोल असण्याची शक्यता किती?

डनॉली परिसराबद्दल हा प्रश्न विचारला की लोक लगेच मोलियागुलच्या ‘वेलकम स्ट्रेंजर’ या नगेटचं उदाहरण देतात. 5 फेब्रुवारी 1869 रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना तो सापडला. त्यातून सुमारे 72 किलो शुद्ध सोनं निघालं. डनॉलीत एवढा तराजू नव्हता म्हणून ऐरणीवर तोडून वजन करावं लागलं. पण तो होता जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटर. किंगोअरला 1980 साली केविन हिलियर यांना डिटेक्टरने मिळालेला ‘हँड ऑफ फेथ’ 27 किलोंवर होता, आणि तोही हातभर खोलीच्या आतच. सोनं मोठं म्हणजे खोल, हा नियम निसर्गाने केलेला नाही. आपल्या भागात खडक पुष्कळ ठिकाणी वीतभर मुरुमाखाली लागतो. सोनं त्या मुरुमात किंवा खडकाच्या भेगेत थांबलेलं असतं. जिथे खडक वीसेक सेंटिमीटरवर आहे तिथे 17 इंचांची कॉइल खडकाच्या पोटात पाहते, आणि तिथे गारगोटीची शीर नसेल तर काहीच नसतं.

मग मोठी कॉइल कुठे? ओहोळ उतरून सपाटीला लागतो आणि वर माती साचत गेलेली असते, अशा मोकळ्या जागी. जुन्या खाणकऱ्यांच्या उथळ विहिरींची रांग असते तिथे. खड्ड्याबाहेर टाकलेल्या मातीचा ढीग बघा: पांढरट किंवा पिवळट चिकणमाती वर आली असेल तर खाणकरी खोल गेले होते, लाल माती आणि गारगोट्यांचाच थर असेल तर काम उथळ होतं. अशा दोन विहिरींच्या मधल्या न खणलेल्या पट्ट्यावर मी स्वतः मोठी कॉइल लावतो. वर्षातून चार-पाच दिवस. बाकी दिवस ती गॅरेजमध्ये असते.

मोनो की डीडी, याचा निर्णय इंचांपेक्षा मोठा आहे, आणि तुम्ही तो विचारलेलाच नाही. मोनोमध्ये तारेचा एकच वेढा ठोका देतो आणि ऐकतोही. तिचं क्षेत्र खाली निमुळतं होत जाणाऱ्या शंकूसारखं, आणि काठाजवळ ती फार तीक्ष्ण असते. डीडीमध्ये दोन इंग्रजी ‘डी’ पाठीला पाठ लावून एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. एक बोलतो, दुसरा ऐकतो, आणि खरं काम मधल्या पट्टीत होतं. सोन्याची संवेदना मोनोत जास्त. जमिनीचा त्रास डीडीत कमी.

जमिनीचा त्रास म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला सोपं जातं. जांभ्याचा तुटलेला चिरा आठवा: आत लोहाच्या गाठी, लालतपकिरी, काही इतक्या जड की दगडापेक्षा धातू वाटाव्यात. किंवा सह्याद्रीतून येणाऱ्या नदीकाठची काळी वाळू, चुंबक फिरवला की मिशा फुटाव्यात तशी चिकटणारी. व्हिक्टोरियाच्या लाल मातीत तसलेच लोहखडे विखुरलेले असतात. त्यातला मॅगेमाइट नावाच्या लोहखनिजाचा अतिसूक्ष्म भाग ठोक्याने चुंबकित होतो आणि ठोका थांबल्यावर हळूहळू विसावतो. तो विसावताना यंत्राला धातूसारखाच भास होतो. मिनलॅबचे ब्रूस कँडी यांनी नव्वदीच्या दशकात जे काम केलं त्याचा गाभा हाच होता, की वेगवेगळ्या लांबीचे ठोके देऊन जमिनीचा हा आवाज वजा करायचा. 1995 च्या एसडी 2000 या यंत्रापासून ही मालिका सुरू झाली आणि आपल्या भागात तोवर न सापडलेलं सोनं निघायला लागलं. पण वजाबाकी पूर्ण होत नाही. फार तापट, म्हणजे अशा लोहखड्यांनी भरलेल्या, जमिनीत मोनो कुरकुरते, कॉइल वर-खाली झाली की ओरडते.

अशा वेळी लगेच डीडी लावू नका. आधी यंत्रातली जमिनीची निवड ‘डिफिकल्ट’वर टाका, संवेदनशीलता एक-दोन पायऱ्या खाली आणा, कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर धरा आणि वेग निम्मा करा. लहान मोनो इथे आणखी एका कारणाने उपयोगी पडते: ती एका वेळी कमी जमीन पाहते, त्यामुळे कमी गोंधळते. ज्या लोहखड्यांच्या पट्ट्यावर 11 इंची मोनो मला बेजार करते तिथे 10 बाय 5 बहुतेक शांत चालते. म्हणजे बऱ्याचदा डीडीचं काम लहान मोनो करते, आणि संवेदना न गमावता. तुमची 14 इंची डीडी विकू मात्र नका. विजेच्या मोठ्या तारांखाली तिची गोंगाट कापणारी ‘कॅन्सल’ सोय लागते, खोली बरीच घटते तरी. आणि कधी वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या पुढे खारट सरोवरांच्या कडेला गेलात तर तिथल्या ओल्या मिठाच्या जमिनीत मोनो मोठी असेल तितकी जास्त ओरडते. तिथे डीडीशिवाय निभावत नाही.

खरेदी करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. मिनलॅबच्या जुन्या एसडी, जीपी आणि जीपीएक्स 5000 पर्यंतच्या यंत्रांच्या कॉइल एकमेकांना चालतात. त्यामुळे जुन्या बाजारात त्या भरपूर दिसतात आणि स्वस्तही मिळतात. 6000 ला त्यातली एकही चालत नाही. त्याचा जोड वेगळा आहे आणि कॉइलच्या आत ओळख पटवणारी चिप असते. 6000 साठी मिनलॅबच्या स्वतःच्या कॉइल आहेत, शिवाय आपल्याच मेरीबरोच्या कॉइलटेकची ‘गोल्डहॉक’ मालिका (10 बाय 5 आणि 14 बाय 9 त्यातल्याच) आणि नगेटफाइंडरची ‘एक्सीड’ 12 बाय 7. 12 बाय 7 ही मधली वाट आहे. 10 बाय 5 ने झाडणी फार सावकाश होते, असं ज्यांना वाटतं त्यांना मी ती सुचवतो. तुमच्याकडे 11 इंची आधीच आहे, म्हणून दोन कॉइलमध्ये फरक ठळक राहावा यासाठी मी 10 बाय 5 कडेच झुकेन.

लंबगोल आकाराचा फायदा केवळ वजनात नाही. टार्नागुलाच्या आयर्नबार्क निलगिरीच्या रानात पडलेल्या फांद्या, गवताचे झुबके, मुळांचे बुडखे. गोल कॉइल त्यांवरून उचलून न्यावी लागते आणि प्रत्येक वेळी उचलली की पाच-सहा सेंटिमीटर खोली गेली. लंबगोल कॉइलचं नाक झुबक्याच्या आत घालता येतं. जिथे इतरांना कॉइल घालता आली नाही तिथेच सोनं शिल्लक आहे, हे मी माझ्या वहीवरून सांगतो आहे. गेल्या काही वर्षांत मिळालेल्या कणांपैकी बरेचसे झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरातले होते. जागा पक्की करणंही सोपं जातं. मोठ्या कॉइलने आवाज मिळाला की खड्डा परातीएवढा होतो. लहान कॉइलच्या नाकाने वाटीएवढ्या खड्ड्यात काम होतं.

छर्रे निघतात याचं वाईट वाटून घेऊ नका. शिसं आणि सोनं यंत्राला जवळजवळ सारखंच ऐकू येतं. बारीक छर्रे निघत असतील तर तुमचं यंत्र आणि हात दोन्ही बारीक सोन्यासाठी तयार आहेत, असा त्याचा अर्थ. छर्रे अजिबात निघेनासे झाले की मात्र काळजी करा: एक तर ती जागा कुणीतरी कसून झाडली आहे, नाही तर तुमची कॉइल वर धरली जाते आहे.

आता 11 इंची नीट वापरली जाते आहे का, याबद्दल. मोनोचं क्षेत्र खाली निमुळतं होतं, म्हणून दोन फेऱ्यांमध्ये निम्मी कॉइल एकमेकींवर यायला हवी. बहुतेक नवे लोक वरची जमीन पूर्ण झाडतात आणि दहा सेंटिमीटर खाली मात्र मधले पट्टे न पाहिलेले राहतात. झुलवण्याच्या दोन्ही टोकांना कॉइल नकळत वर उचलली जाते. आरशासमोर एकदा घरी करून बघा. बुटाच्या टोकात पोलाद नको. हातात कडं, अंगठी, घड्याळ असेल तर काढून ठेवा, विशेषतः कॉइल ज्या हाताने धरता त्या हातातलं. आणि कॉइलखालचं प्लास्टिकचं झाकण दर दोन-तीन तासांनी काढून पुसा. त्यात लोहखड्यांचा चुरा साचतो आणि कॉइल टेकली की खोटा आवाज येतो. मी एकदा सकाळभर अशा आवाजामागे अकरा खड्डे खणले होते. तार दांड्याला घट्ट बांधा. ती लोंबत राहिली तर तिची हालचालही ऐकू येते.

जुनी कॉइल विकत घेत असाल तर एक साधी चाचणी. छर्रा हातोडीने चपटा करून प्लास्टिकच्या बिल्ल्यावर चिकटवून खिशात ठेवा. कॉइल लावा, विजेच्या तारांपासून दूर जाऊन नॉइज कॅन्सल (यंत्राने बाहेरचा गोंगाट टाळणं) होऊ द्या, मग कॉइलच्या कडेवर बोटाने हलके ठोके मारा आणि तार जिथे कॉइलमध्ये शिरते तिथे ती थोडी वाकवा. आवाज आला तर आतला जोड किंवा शील्ड सैल आहे. घेऊ नका. मग बिल्ला कॉइलच्या संपूर्ण परिघाभोवती सारख्या अंतरावरून फिरवा. एखाद्या बाजूला आवाज बसला तर तीही नको.

रत्नागिरीला डिटेक्टर न्यायचा विचार सोडून द्या. जांभा आणि बेसाल्टमध्ये नगेट शोधण्यासारखं काही नाही, आणि जांभ्याच्या गाठींवर यंत्र सतत कुरकुरेल. शिवाय भारतात इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, 1878 लागू आहे: जमिनीत लपवलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गडावर, देवळाच्या आवारात डिटेक्टर फिरवणं तर मनातही आणू नका. मातीतली वस्तू तिच्या जागेवरून हलली की तिचा इतिहास पुसला जातो. इथे व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ (सोनं शोधायचा सरकारी परवाना) काढला असेलच. तो दहा वर्षं चालतो, पण राष्ट्रीय उद्यानांत सरसकट चालत नाही, खासगी जमिनीत मालकाची परवानगी लागते, हत्यार हाताचंच हवं आणि प्रत्येक खड्डा बुजवावा लागतो. आदिवासींच्या वारसास्थळांना धक्का लावायचा नाही.

आता पुढच्या शनिवारी काय करायचं ते सांगतो. नव्या जागी जाऊ नका. ते दोन कण ज्या उतारावर मिळाले तिथेच परत जा. दोन कण एकाच उतारावर, म्हणजे वर कुठेतरी त्यांचा उगम आहे. दोन्ही जागांना मध्ये धरून पाच बाय पाच मीटरचा चौकोन सुतळीने आखा. वाळक्या फांद्या, पानांचा थर हाताने बाजूला करा. प्लास्टिकचा पंजा मिळतो, तो बरा. 11 इंची मोनोने उताराला आडवं झाडा, एका फेरीला निदान चार सेकंद द्या. मग त्याच चौकोनात उताराच्या दिशेने. दीड-दोन तास लागतील. आवाजात शंका आली तरी बुटाने दोन सेंटिमीटर माती खरवडा आणि पुन्हा ऐका. जमिनीचा आवाज खरवडल्यावर मंदावतो किंवा पसरतो, सोन्याचा वाढतो आणि आखूड होतो. तिसरा कण मिळाला तर चौकोन उताराच्या वरच्या बाजूला सरकवा, आणि 10 बाय 5 विकत घेण्याआधी एखाद्याकडून दिवसभरासाठी मागून आणून तोच चौकोन पुन्हा झाडा. बेंडिगोकडे येणार असाल तर माझी घेऊन जा. 11 इंचीने रिकामा केलेल्या चौकोनातून तिने आणखी काही काढलं, तर विकत घ्यायची की नाही ते तुम्हालाच कळेल. कणांचा उगम गारगोटीच्या शिरेत असू शकतो, म्हणून त्या उताराच्या माथ्यावर फुटक्या गारगोट्या दिसतात का, तेवढं मात्र मला नक्की कळवा.